वेग आहे, टिकत नाही: हाफ मॅरेथॉनचा अडकलेला पीबी

ज्यांना पस्तीस मिनिटं कानात हेडफोन घालून बसायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना मी जिथे भरकटलो ते कापलंय, आणि जे आकडे बोलताना नीट सांगता येत नाहीत ते इथे भरलेत.

गणपती झाले की आपल्याकडे पळणाऱ्यांचा सीझन सुरू होतो. जानेवारीतल्या मुंबईसाठी नाव घातलेलं असतं, आणि मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: पीबी कसा मोडायचा? पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, एखाद्या अंतरावरची आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ. यंदा आलेल्यांपैकी एक मेसेज मी निवडला, कारण त्यात आकडे होते. आकडे असले की मला बोलता येतं, पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

नाशिकच्या एक ताई. बँकेत नोकरी, घरी लहान मुलगी, पळायला पहाटे सव्वापाच ते साडेसहा एवढाच वेळ. आठवड्यातून चार दिवस पळतात, दर वेळी सात किलोमीटर, दर वेळी किलोमीटरला सहा मिनिटं. १० किलोमीटरची त्यांची वेळ ५४ मिनिटं. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, त्यांनी तीनदा केली: २ तास ९, २ तास १०, २ तास ९. त्यांना दोन तासांच्या आत यायचंय. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं की यंदाही तेच झालं तर हाफचा नाद सोडते, घरच्यांची झोप मोडून दर वर्षी तीच वेळ आणायची तर कशाला. आणि विनंती काय, तर "स्पीड वाढवायचे इंटरव्हल सांगा."

इंटरव्हल सांगण्याआधी आपण जरा गणित करू.

पीटर रीगल नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक छोटं सूत्र मांडलं. एका अंतरावरची वेळ माहीत असेल तर दुसऱ्या अंतरावरची वेळ काढता येते: दोन अंतरांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा १.०६ वा घात करायचा, आणि त्याने जुन्या वेळेला गुणायचं. घात नेमका १ असता तर अंतर दुप्पट, वेळही दुप्पट, म्हणजे माणूस थकतच नाही. वरचे ते ०.०६ म्हणजे थकवा. ताईंचे ५४ मिनिटं त्यात टाकले की हाफसाठी उत्तर येतं १ तास ५९ मिनिटं ९ सेकंद.

म्हणजे दोन तासांच्या आत यायला जेवढा वेग लागतो, किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, तेवढा त्यांच्याकडे आजच आहे. १० किलोमीटर तर त्या ५:२४ ने पळतात. पण प्रत्यक्ष शर्यतीत दहा मिनिटं जास्त लागतात. उलटं गणित केलं, त्यांच्या दोन्ही वेळांवरून घात काढला, तर तो १.०६ च्या जागी १.१७ च्या आसपास येतो. मी त्यांच्याकडून घड्याळाची नोंदही मागवली. पहिले १० किलोमीटर ५७ मिनिटांत, उरलेले ११.१ किलोमीटर ७२ मिनिटांत. पहिल्या भागात त्या दोन तासांच्या वेळापत्रकावर होत्या, मग गाडी गडगडली.

आमच्याकडे ॲप हळू चाललं की नवखा मुलगा लगेच कोड वेगवान करायला बसतो, आणि अडचण निघते डेटाबेसमध्ये. इथे तसंच आहे. वेगाची कमतरता नाहीये, तो वेग टिकत नाही. दोन्हींची औषधं वेगळी.

(कुणाचं उलटं असू शकतं. हाफची वेळ सूत्राप्रमाणे बरोबर येते, पण १० किलोमीटरच अडकलंय. त्यांनी खुशाल इंटरव्हल करावेत, पुढचं त्यांच्यासाठी नाही.)

आता वेग टिकवतं कोण? धीम्या आकुंचनाचे स्नायुतंतू, त्यांच्यातली मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या, आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलणारं हृदय. हे सगळं वाढतं ते भरपूर वेळ आरामात पळण्याने. त्याचा आणखी एक फायदा असा की त्याच वेगाला शरीर चरबी जास्त आणि साखर कमी जाळायला लागतं. साखरेचा साठा, ग्लायकोजेन, मर्यादित असतो. चरबी सडपातळ माणसाकडेही पुरून उरते. साठा लवकर संपत आला, धीमे तंतू थकले, की वेगवान तंतू कामाला लागतात. ते खर्चिक. मग त्याच वेगाला जास्त दम लागतो, आणि १२ व्या किलोमीटरनंतर पाय स्वतःचे वाटत नाहीत.

ताई रोज सहाच्या वेगाने पळतात. त्यांच्या हाफचा सरासरी वेग किती? ६:०७. म्हणजे त्या आठवड्यातून चार वेळा जवळपास शर्यतीच्याच वेगाने पळतायत. बहुतेक हौशी पळणारे याच मधल्या पट्ट्यात अडकतात, कारण तो छान वाटतो. घाम येतो, मेहनत केल्यासारखं वाटतं, स्ट्राव्हावर आकडा बरा दिसतो. पण हा वेग इतका जड असतो की दुसऱ्या दिवशी पाय मोकळे नसतात, त्यामुळे अंतर वाढवता येत नाही. आणि इतका हलका असतो की खऱ्या जोराच्या सरावाचा फायदाही मिळत नाही.

हे नवीन नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा आर्थर लिडियार्ड आसपासच्या मुलांना पळायला शिकवायचा. त्याचा पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू, शर्यत दोन मिनिटांच्या आत संपणारी. तरीही लिडियार्ड त्याला रविवारी डोंगरातल्या २२ मैलांच्या रस्त्यावर पळवायचा, ३५ किलोमीटर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्याच गटातल्या मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. एकाच दिवशी.

पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाचे धावपटू, रोअर, स्कीइंगवाले यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. साधारण ८० टक्के सत्रं हलकी, उरलेली खरोखर जड. हेच ते प्रसिद्ध ८०:२०.

आणि आपल्या बीडचा अविनाश साबळे. त्याची मुख्य शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. हाच माणूस २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळाला आणि राष्ट्रीय विक्रम करून बसला. किलोमीटरला २:५२. आठ मिनिटांच्या शर्यतीचा माणूस एक तास असा पळतो, तेव्हा त्याच्या पायाखाली किती किलोमीटर जमा असतील याचा अंदाज करा.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ही मंडळी आठवड्याला दहा-वीस तास सराव करतात. इतकं सगळं जोरात केलं तर माणूस मोडेल, म्हणून त्यांना हळू पळावंच लागतं. ज्याच्याकडे चारच तास आहेत त्याने हळू पळून वेळ का घालवावा? तीन दिवस पळणाऱ्याच्या बाबतीत मला हा आक्षेप बऱ्यापैकी पटतो; तिथे जोराचा वाटा थोडा वाढला तर चालेल. ८०:२० म्हणजे काही पंचांग नव्हे. पण ताईंच्या बाबतीत अडचण टिकण्याचीच आहे, त्यासाठी किलोमीटर वाढवायला हवेत, आणि नोकरी-घर सांभाळून २८ चे ४० किलोमीटर करायचे तर ते हळूच होतील. शिवाय दम आठवड्यांत सुधारतो, टाचेची शीर आणि गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध महिने घेतात. दुखापती या मधल्या काळात होतात.

हळू म्हणजे किती? ताईंसाठी किलोमीटरला ६:५० ते ७:१५. घड्याळापेक्षा सोपी कसोटी: पळता पळता फोनवर आईशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे, आणि "धापा का टाकतेयस?" असं तिने विचारता कामा नये. हृदयाच्या ठोक्यांवर जाणार असाल तर घड्याळाने २२० वजा वय करून आखलेले पट्टे जपून वापरा. तो सरासरीचा आकडा आहे, खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. मनगटावरचा सेन्सर तर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. पहिल्या आठवड्यात लाज वाटेल. टेकडीवर भरभर चालणारे आजोबा जवळ येताना दिसतील. येऊ द्या.

एक गोष्ट मी ताईंना सगळ्यांत आधी करायला सांगितली: रक्ततपासणी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर कुठलाही प्लॅन चालणार नाही. आपण म्हणत राहू "स्टॅमिना नाही", आणि दुखणं निघेल लोहाचं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, मनाने नाही.

आता आठवडा. दिवस चारच ठेवलेत, कारण पाचवा दिवस कागदावर टाकणं सोपं असतं.

मंगळवारी ८ किलोमीटर, हळू. गुरुवारी जोर: दहा मिनिटं हलकं पळणं, मग १० मिनिटांचे तीन तुकडे साधारण ५:३० ने, मध्ये दोन-दोन मिनिटं हळू जॉग, शेवटी परत दहा मिनिटं हलकं. हा वेग म्हणजे तासभर जेमतेम धरता येईल असा. दोन-तीन शब्द बोलता येतात, वाक्य नाही. याहून जोरात गेलं की रक्तात लॅक्टेट साचायला लागतं, आणि या सीमेवर वेळ घालवला की ती सीमा हळूहळू वर सरकते. तिसरा तुकडा पहिल्याइतकाच वेगात जमला पाहिजे. नाही जमला तर पहिला जास्त जोरात गेला. शनिवारी ६ किलोमीटर हळू, शेवटी २० सेकंदांच्या सहा मोकळ्या धावा, पाय विसरू नयेत म्हणून. आणि रविवारी लांब पल्ला, सगळ्यांत महत्त्वाचा दिवस: १२ पासून सुरुवात, आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत १९-२० पर्यंत, वेग सातच्या आसपास. दर चौथ्या आठवड्यात सगळं पाव भागाने कमी. तो आठवडा आळसाचा नाही, शरीर तेव्हाच बांधकाम करतं. रविवारी अडीच तास लागतील, म्हणजे मुलीला कोण बघणार हे आधीच ठरवावं लागेल. कुठल्याही इंटरव्हलपेक्षा ही वाटाघाट अवघड आहे, मला कल्पना आहे.

डिसेंबर लागला की एकाआड एक रविवारी शेवटचे ५ किलोमीटर ५:४० ने. थकलेल्या पायांना शर्यतीचा वेग ओळखीचा व्हायला हवा.

ऑक्टोबरबद्दल एक इशारा. उकाड्यात हृदय रक्ताचा एक हिस्सा कातडी थंड करायला पाठवतं, त्यामुळे त्याच वेगाला ठोके वाढतात. मुंबईत दमटपणामुळे घाम वाळतही नाही. तेव्हा त्या महिन्यात आकडे वाईट दिसले तर तो सरावाचा दोष समजू नका, वेग सोडा आणि दमावर पळा. प्रगती मोजायची तर दर चार आठवड्यांनी तोच रस्ता, तीच वेळ, तेच ठोके, आणि बघायचं की किलोमीटरला किती सेकंद कमी लागले.

कार्बन प्लेटच्या बुटांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यावर पुढचा भाग करतो. तोवर पैसे खिशात राहू द्या.

शर्यतीचे शेवटचे दोन आठवडे किलोमीटर कमी करायचे, वेग तसाच ठेवायचा. दोन तासांच्या शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली तर साठा जास्त वेळ पुरतो. जेल घ्या नाहीतर खजूर, पण जे काही घ्याल ते आधी चार-पाच रविवारी खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी पोटावर पहिला प्रयोग नको.

आणि मुंबईत पहिले तीन किलोमीटर ५:४५ ने. सगळे पुढे जातील, गर्दी ओढेल, बँडवाले वाजवत असतील, आणि ५:२५ अगदी फुकट वाटेल. ते फुकट नसतं, त्याची वसुली पेडर रोडच्या चढावर होते, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात. त्या चढावर घड्याळाकडे बघू नका. १५-२० सेकंद जातील, दम सारखा ठेवा. उतारावर ते बरेचसे परत मिळतात, आणि मग मरीन ड्राइव्ह सपाट आहे.