जुन्या यंत्रावर मराठी पट्टी

संगणकाच्या जगात ‘पोर्टिंग’ असा एक शब्द आहे. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालता करणे, हा त्याचा अर्थ. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. पडदा, छपाईयंत्र, फाइली सारे त्याच्याच हातून मिळते. कारभारी बदलला की रीतही बदलते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शेतमालाच्या हिशोबपट्टीत आहे.

माझे वडील जाधववाडीच्या बाजारात ज्या आडत दुकानी मका घालतात, तेथला हिशोब अजून ‘डॉस’वर चालतो. डॉस ही मायक्रोसॉफ्टची १९८१ सालची कार्यप्रणाली. वजन, भाव, हमाली, तोलाई सारे बिनचूक छापले जाते, पण रोमन लिपीत. वडील चौथी शिकलेले. वर्षाच्या कष्टाचा हिशोब त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. चालते यंत्र टाकून नवे घेण्याची दुकानदारांना गरज वाटत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. तेव्हा त्यांच्या परवानगीने मराठी छापणारा छोटा प्रोग्रामच त्या यंत्रावर न्यावा, असे मी ठरवले.

डॉस अगदीच मेलेली नाही. जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ साली ‘फ्रीडॉस’ ही तिची मुक्त जोडीदार सुरू केली. तिची १.४ ही आवृत्ती २०२५ साली निघाली. ‘डीजेजीपीपी’ या साधनाने सी भाषेतला प्रोग्राम डॉससाठी तयार करता येतो. त्यामुळे दुकानाच्या यंत्राला हात न लावता सराव करता आला.

पहिला प्रश्न लिपीचा. डॉसच्या पडद्याला २५६ चिन्हे ठाऊक, त्यांत देवनागरी नाही. यावर आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड काढले. ते यंत्रात बसवले की डॉसवर भारतीय लिप्या दिसत. १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक ठरली. तीत एका चिन्हाला एक बाइट लागतो. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. मात्र यूटीएफ-८ पद्धतीत तेच चिन्ह तीन बाइट घेते. ‘शेतकरी’ हा शब्द इस्कीत सहा बाइटांत मावतो, यूटीएफ-८ मध्ये अठरा लागतात.

ते कार्ड आमच्याकडे नव्हते. म्हणून पडदा इंग्रजीतच ठेवला आणि थेट डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्राकडे वळलो. हे यंत्र अक्षरांऐवजी ठिपक्यांचे चित्रही छापते. उभे आठ ठिपके म्हणजे एक बाइट. चौकटीच्या वहीत प्रत्येक अक्षर सोळा ठिपके उंच काढले आणि दोन फेऱ्यांत छापले.

येथे मराठीची परीक्षा होते. ‘किसन’ साठवताना आधी क, मग वेलांटी. छापताना वेलांटी आधी. ‘सूर्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, तर ‘दऱ्या’मधला अर्धा र आडवाच राहतो. आजच्या संगणकात ही कामे परस्पर होतात. डॉसला त्यातले काही ठाऊक नाही, तेव्हा प्रत्येक नियम आपण लिहायचा.

दुसरा प्रश्न याहून लपलेला. नवी ओळ सांगायला लिनक्समध्ये १० क्रमांकाचा एक बाइट पुरतो. डॉसमध्ये १३ आणि १० असे दोन लागतात. म्हणून मजकुराची फाइल लिहिताना १० च्या आधी १३ आपोआप घातला जातो. ठिपक्यांच्या चित्रात १० म्हणजे दोन ठिपक्यांचा साधा स्तंभ. मध्येच १३ घुसला की पुढचे सारे अक्षर सरकते. फाइल ‘बायनरी’ म्हणून उघडली की ही लुडबूड थांबते. पोर्टिंगमध्ये बराचसा वेळ अशा न बोललेल्या समजुती शोधण्यात जातो.

आता पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, हमाली, तोलाई मराठीत उमटतात. काही जोडाक्षरे अजून पाय मोडूनच छापावी लागतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा पट्ट्या येतात. राहिलेल्या जोडाक्षरांचे ठिपके मांडायला ज्यांना हात लावावासा वाटेल, त्यांनी चौकटीची वही घेऊन अवश्य भेटावे.