रात्रीचा सारथी आणि दिवसाची निद्रा

रात्रिजागरणाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर गिरणीकामगार, परिचारिका वा पहारेकरी येतो. अमेरिकेतील यूपीएससारख्या पार्सल कंपनीचा ‘फीडर’ चालक हे त्याचेच अधिक कठोर उदाहरण आम्हांस वाटते. सायंकाळी गोळा झालेली पार्सले तो रातोरात एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नेतो. त्याच्या ट्रॅक्टरमागे (हा शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) पुष्कळदा २८ फुटी दोन ट्रेलर जोडलेले असतात.

लाभ खरे आहेत. दारोदार खोकी उचलणाऱ्या सहकाऱ्याची कंबर झिजते, तशी याची झिजत नाही. रस्ते मोकळे, वेतन तासांवर आणि चांगले. मार्गांची निवड मात्र सेवाज्येष्ठतेने होते, म्हणून नवख्याच्या वाट्याला बहुधा रात्रच.

तेथील कायदा सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कमाल ११ तास वाहन चालवू देतो. ती विश्रांती दिवसा आली तर झोप किती लागेल, हे कायद्याच्या हाती नाही. चरकाचार्यांनी रात्रिजागरण रूक्ष व दिवास्वाप स्निग्ध म्हटला. तथापि जागरणाने क्षीण झालेल्यास दिवानिद्रेची मुभाही दिली. वाग्भटाचार्य तर असात्म्य जागरणानंतर त्याच्या निम्मा काळ, सकाळी, न जेवता झोपावयास सांगतात. घरी परतलेला चालक भरपेट न्याहारी करूनच अंथरुणास पाठ टेकत असेल, तर पहिला बदल येथेच हवा.

सुटीच्या दिवशी मुलाबाळांसाठी तो पुन्हा दिवसाचा माणूस होतो, आणि सात्म्य कधी जडतच नाही. त्यावर औषध आमच्यापाशी नाही.