वित्त आयोगाचे पैसे आले, मग पाणंद रस्ता का होत नाही?

ग्रामसभेत हमखास वाद होतो तो या प्रश्नावर. दिल्लीहून ग्रामपंचायतीच्या खात्यात लाखो रुपये आले, असं मोबाईलवर दिसतं. पाणंदीत मात्र गुडघाभर चिखल. मग सरपंचानं पैसे खाल्ले, असा थेट आरोप होतो. काही ठिकाणी तो खराही असेल, पण आधी हिशोब समजून घ्या.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. शेती, पाणी, रस्ते, शाळा असे २९ विषय पंचायतींकडे देता येतील, अशी यादी घटनेत आली. पण द्यायचे किती, हे राज्याच्या मर्जीवर राहिलं. केरळने १९९६ पासून योजना खर्चाचा मोठा वाटा थेट स्थानिक संस्थांना दिला. आपल्याकडे कामं आली तेवढा पैसा आला नाही. म्हणून केंद्रीय वित्त आयोगाचा निधी हाच बहुतेक छोट्या ग्रामपंचायतींचा आधार. घरपट्टी-पाणीपट्टी किती वसूल होते, ते आपल्याला माहीतच आहे.

१४ व्या आयोगात हा सगळा पैसा ग्रामपंचायतीला मिळायचा. १५ व्या आयोगात तिघांत वाटणी झाली. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. त्यातही अट अशी की निवडून आलेली बॉडी नसेल तर हप्ता नाही. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, त्याची झळ इथे बसली.

आता मुख्य गोष्ट. समजा १५ व्या आयोगात गावाला वर्षाला १० लाख आले. त्यातले ६ लाख बंधित, म्हणजे ३ लाख पिण्याच्या पाण्यासाठी, ३ लाख स्वच्छतेसाठी. दुसरीकडे वळवता येत नाहीत. उरले ४ लाख अबंधित. गावानं ठरवायचं ते एवढ्याचंच, आणि त्यातूनही पगार देता येत नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं पथदिव्यांचं थकीत वीजबिलही यातून भरायला सांगितलं, तेव्हा सरपंच मंडळी चिडली होती. चिडणारच. बिल भरून जे उरेल त्यात गटार, शाळेची दुरुस्ती, स्मशानभूमी आणि आपली पाणंद.

म्हणजे पैसा गावात येतो, पण वरून चिठ्ठी लावून. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाचीच आहे, वाद नाही. पण ज्या गावात नळाला पाणी आहे आणि ऊस बाहेर काढायला वाट नाही, त्या गावानं काय करायचं?

सरपंचावर संशय असेल तर ई-ग्रामस्वराज पाहा. त्यावर आपल्या गावाचा आराखडा, मंजूर कामं आणि झालेला खर्च कुणालाही दिसतो, लॉगिन लागत नाही. बंधित किती, अबंधित किती, हे ग्रामसेवकाला (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचं) ग्रामसभेत विचारा आणि उत्तर प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावा.

पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो. २०२६-२७ पासूनचा पैसा १६ व्या आयोगाचा, त्यात वाटणी बदलूही शकते. एक मात्र बदलणार नाही. आराखड्यात जे काम नाही, त्यावर खर्च टाकता येत नाही. पाणंद हवी असेल तर गट नंबरासह लेखी अर्ज त्या सभेच्या आधी द्या, आणि पोच घ्या.