दूरची प्रत किती मागे आहे?

गुवाहाटीच्या शाखेत एखादा ग्राहक सकाळी अकरा वाजता दहा हजार रुपये भरतो आणि रोखपाल पावतीवर शिक्का मारून ती त्याच्या हाती देतो. शाखाशाखांतील खतावण्या जाऊन कोअर बँकिंग आले तेव्हापासून ही नोंद त्या शाखेत राहत नाही. ती क्षणार्धात, समजा मुंबईच्या, डेटा सेंटरमधील स्टोरेज यंत्रणेवर लिहिली जाते आणि तेथून तिची दुसरी प्रत शेकडो किलोमीटरवरील आपत्कालीन केंद्राकडे रवाना होते. पूर, आग, भूकंप यांपैकी कशानेही पहिले केंद्र बंद पडले, तर दुसऱ्या केंद्रातून कारभार चालावा, हा त्यामागील हेतू. आता अकरा वाजून दोन मिनिटांनी मुंबईचे केंद्र बंद पडले आणि दूरची प्रत त्या वेळी पाच मिनिटे मागे होती असे मानू. ग्राहकाच्या हाती शिक्क्याची पावती आहे, पण नव्या केंद्रातील त्याच्या खात्यात पैसे नाहीत. संगणक विभागात कोणीतरी रात्रंदिवस पडद्यावर लक्ष ठेवून बसलेले असते, ते या पाच मिनिटांसाठी.

प्रत मागे का पडते? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. हजार किलोमीटर जाऊन पोच परत येण्यास त्याला किमान दहा मिलिसेकंद लागतात. आधुनिक स्टोरेजवर एक नोंद लिहिण्यास एक मिलिसेकंदही पुरतो. प्रत्येक नोंदीने दूरच्या पोचेची वाट पाहिली, तर सारी यंत्रणाच मंदावेल. म्हणून दोन पद्धती रूढ झाल्या. शहरातल्या शहरात किंवा फार तर शंभरेक किलोमीटरपर्यंत, दोन्हीकडे लिहून झाल्यावरच नोंद पक्की मानतात. ही समकालिक पद्धत. त्याहून दूर असेल तर येथे लिहून कारभार पुढे चालू ठेवतात आणि प्रत मागाहून पाठवतात. ही असमकालिक पद्धत. दुसऱ्या पद्धतीत प्रत थोडी मागे असणे हा दोष नव्हे, तो करारच आहे. किती मागे असलेली चालेल, ही मर्यादा मात्र बँकेने आधी ठरवावी लागते. तंत्रज्ञ तिला आरपीओ म्हणतात.

ही मर्यादा दिवसभर सारखी पाळली जात नाही, हे एका हिशोबावरून ध्यानी येईल. पगाराच्या दिवशी सेकंदाला ६० मेगाबाइट नवा मजकूर तयार होत आहे आणि दूरच्या केंद्राकडे जाणाऱ्या लिंकची क्षमता ४० मेगाबाइट आहे असे समजू. दर सेकंदाला २० मेगाबाइट मागे साचतात. तासाभरात ७२ हजार मेगाबाइटची रांग लागते आणि दूरची प्रत वीस मिनिटे मागे पडते. पुढे गर्दी ओसरून आवक १० मेगाबाइटवर आली, तरी ती रांग संपण्यास चाळीस मिनिटे लागतात. दिवसभराची सरासरी काढली तर लिंक पुरेशी दिसेल, परंतु आपत्ती काही सरासरीच्या वेळी येत नाही. म्हणून दिवसातील सर्वांत मोठी पिछाडी किती होती, हाच आकडा पाहावयाचा असतो.

साचलेला मजकूर ज्या जागी थांबतो तिला जर्नल म्हणतात. जुन्या बँक कर्मचाऱ्यास ही रोजकीर्दच वाटेल. नोंदी ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने त्या येथे राहतात आणि त्याच क्रमाने पलीकडे चढतात. एका खात्यास नावे आणि दुसऱ्यास जमा, यांतील एकच बाजू पलीकडे पोहोचली असे होऊ नये यासाठी हा क्रम जपणे अत्यावश्यक असते. पण रोजकीर्दीची पाने संपली तर? जर्नल पूर्ण भरले की प्रत पाठवणे स्थगित होते. लिंक मोकळी झाल्यावर यंत्रणा फक्त बदललेले भाग शोधून पाठवू लागते, मात्र ते भाग जेथे सापडतील त्या क्रमाने जातात. व्यवहारांचा क्रम उरत नाही. ही भरपाई पूर्ण होईपर्यंत दूरची प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी असते आणि नेमक्या त्या वेळी मुख्य केंद्र गेले तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून अनुभवी अधिकारी भरपाई सुरू करण्यापूर्वी दूरच्या केंद्रात जुन्या पण सुसंगत स्थितीची एक प्रत गोठवून ठेवतात.

पडद्यावरील हिरवा दिवा यातले फारच थोडे सांगतो. ‘जोडणी चालू’ एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. त्यापेक्षा साधा आणि खात्रीचा उपाय असा: मुख्य केंद्रात दर मिनिटाला घड्याळाची वेळ एका नोंदीत लिहावी आणि तीच नोंद दूरच्या प्रतीतून वाचावी. तेथे १० वाजून ५२ मिनिटे आणि भिंतीवर ११ वाजलेले असतील, तर प्रत सुमारे आठ मिनिटे मागे आहे, मग दिव्याचा रंग कोणताही असो. दोन्ही केंद्रांची घड्याळे जुळलेली हवीत, हे ओघाने आलेच.

लिंक तुटल्यावर काय होते, याचे उदाहरण सर्व देशाने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पाहिले. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मुख्य केंद्राला जवळच्या दुय्यम केंद्राशी जोडणाऱ्या लिंक दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. तरी रस्त्यावरील खोदकाम व बांधकामामुळे दोन्ही अस्थिर झाल्या. दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा, असे आपण सहज गृहीत धरतो! खरे म्हणजे अशा वेळी मुख्य केंद्राने एकट्याने चालू राहणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात तेथील स्टोरेज यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम नियंत्रणाची प्रणाली थांबली. सकाळी ११.४० वाजता व्यवहार बंद करावे लागले, ते दुपारी ३.४५ ला सुरू होऊन सायंकाळी ५ पर्यंत चालले. चेन्नईचे दूरचे केंद्र असूनही त्या दिवशी कारभार तेथे हलवला गेला नाही. पुढील महिन्यात सेबीने शेअर बाजारांसाठी नियम कडक केले: घटनेपासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करावी, त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत कामकाज सुरू व्हावे आणि माहितीची पिछाडी पंधरा मिनिटांहून अधिक नसावी.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०२३ चे निर्देश एप्रिल २०२४ पासून लागू झाले. महत्त्वाच्या प्रणालींत ही पिछाडी शून्याच्या जवळ आणावी, दर सहा महिन्यांनी किमान एकदा आपत्कालीन केंद्राची चाचणी घ्यावी, असे त्यांत सांगितले होते. पिछाडी शून्य नसेल तर मधल्या नोंदी कशा जुळवाव्यात याची लेखी पद्धत असावी, ही त्यातली अट गुवाहाटीच्या ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. हरवलेल्या पाच मिनिटांतील त्याची नोंद शाखेच्या पावत्या, एटीएमच्या नोंदी आणि इतर बँकांकडील व्यवहारांची यादी यांवरून पुन्हा उभी करावी लागते. किती वाजेपर्यंतची प्रत हाती आहे, हेच ठाऊक नसेल तर ही जुळवाजुळव कोठून सुरू करावयाची?

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. दूरची प्रत हा बॅकअपला पर्याय नाही. चुकून पुसलेली नोंद किंवा घातक संगणक-विषाणूने बिघडवलेली फाइल तितक्याच प्रामाणिकपणे पलीकडे पोहोचते. जुन्या तारखांच्या, जाळ्यापासून विलग ठेवलेल्या प्रती वेगळ्या लागतातच.

चाचणीच्या दिवशी दूरची प्रत नुसती पाहून भागत नाही. तिच्यावर बँकेचा कारभार चालवून, दिवसाचा ताळेबंद जुळवून ती पारखावी लागते. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी सुटीच्या दिवशी खास सत्रे ठेवली, ती याच कारणासाठी. पहिल्या सत्रातील खरेदीविक्री मुख्य केंद्रातून झाली आणि दुसऱ्या सत्रातील, खऱ्या पैशांचीच, आपत्कालीन केंद्रातून.