वर्षाला केसभर गाळ

रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कात, आर्क्टिक वर्तुळाच्या शंभर किलोमीटर उत्तरेला एल्गीगिटगिन नावाचं गोल तळं आहे. लोणार पाहिलेल्याला ते ओळखीचं वाटेल. तेही उल्केच्या आघाताने झालेलं विवर, तेही ज्वालामुखीच्या खडकातलं. पण लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, याचा १८. म्हणजे क्षेत्रफळाने यात शंभर लोणार मावतील. ही उल्का पडली ३५.८ लाख वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून या तळाशी गाळ साचतो आहे.

हिमयुगांमध्ये उत्तरेकडचा केवढा तरी प्रदेश बर्फाखाली गेला आणि त्या बर्फाने जुनी तळी खरवडून काढली. या तळ्यापर्यंत तो बर्फ कधी पोहोचलाच नाही. त्यामुळे गाळाची वही कुणी फाडली नाही. ग्रीनलंडच्या बर्फातली अखंड नोंद सव्वा लाख वर्षांच्या आसपास संपते; ही तिच्या जवळजवळ तीसपट मागे जाते.

२००८-०९ च्या हिवाळ्यात रशियन, जर्मन, अमेरिकन आणि ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ इथे आले. पृष्ठभागावर पाणी ओतून ओतून त्यांनी तळ्याचा बर्फ आणखी जाड केला, त्यावर खोदकामाचं यंत्र उभं केलं आणि १७० मीटर पाण्याखालच्या तळात छिद्र पाडलं. ३१८ मीटर गाळ ओलांडल्यावर उल्केने फोडलेला खडक लागला.

आता भागाकार करून पाहा. ३१८ मीटर, ३५.८ लाख वर्षं: सरासरी वर्षाला ०.०९ मिलिमीटर, एका केसाची जाडी. वरच्या थरांत तर त्याच्या निम्मीच. माणूस शेती करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. तेवढा काळ इथे जेमतेम हातभर गाळात बसतो. आपल्या जातीच्या माणसाची तीन लाख वर्षं म्हणजे पाच मजली इमारतीएवढा गाळ. त्याच्याखाली उरलेल्या तीनशे मीटर गाळात आपण कुठेच नाही.

आणि हा गाळ रंगांनी बोलतो. गाळाची नळी उभी चिरली की काही पट्टे काळपट निघतात, त्यात कागदाच्या घड्यांसारखे बारीक पापुद्रे. ते कडाक्याच्या थंडीचे. तळं उन्हाळ्यातही गोठलेलं राहायचं, तळाशी प्राणवायू पोहोचत नसे, गाळ ढवळणारे किडे जगत नसत, म्हणून पापुद्रे शाबूत राहिले. काही पट्टे मात्र तांबूस-तपकिरी. ते खूप उबदार काळांचे. त्यातला सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचा काळ मला सर्वांत अस्वस्थ करतो. तेव्हा इथला उन्हाळा आपल्या काळापेक्षा चार-पाच अंशांनी गरम होता, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र कारखाने येण्याआधी होता साधारण तितकाच. पृथ्वीच्या कक्षेतले बदल आणि हा वायू, दोन्ही संगणकाच्या प्रतिकृतीत घातले तरी एवढी ऊब निघत नाही. आर्क्टिक आपल्या हिशेबापेक्षा जास्त हळवं आहे, असंच हे तांबूस पट्टे सांगतात.

सर्वांत खालच्या थरांत परागकण सापडले. आज तिथे एकही झाड नाही, नुसता टुंड्रा. पण ३५.८ ते ३४ लाख वर्षांपूर्वी तळ्याभोवती लार्च, स्प्रूस, फर आणि हेमलॉकचं जंगल होतं. त्या जंगलातला सर्वांत उबदार महिना १५-१६ अंशांचा, आजच्यापेक्षा सुमारे आठ अंशांनी जास्त. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ४०० च्या आसपास असावा.

हा निष्कर्ष मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा ४०० ला भिडला. आता तो ४२० च्या वर आहे. ४०० ते ४२० या वाटचालीत एल्गीगिटगिनच्या तळाशी एक मिलिमीटरही गाळ साचलेला नाही.