नाग नदीत मगर येऊ शकते? दिसली तर काय करायचे, काय टाळायचे?

नागपूर : २०२१च्या अखेरीस नाग नदीत मगर दिसल्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, तेव्हा अनेकांना ते फेक वाटले. सांडपाण्याने काळी पडलेली नदी, दोन्ही बाजूंना दाट वस्ती. तिथे मगर येणार कुठून? पण मगर खरी होती. वन विभागाला शोधमोहीम हाती घ्यावी लागली आणि बघ्यांची गर्दी आवरणे हे वेगळेच काम होऊन बसले.

घाण पाण्यात ती जगते कशी? मगर फुप्फुसांनी हवेतला श्वास घेते. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर मासे मरतात, मगर नाही. शिवाय नदीत फेकलेले कोंबडी-मटणाचे वेस्ट, काठावरची कुत्री आणि डुकरे, म्हणजे खाण्याची सोयही आपणच करून ठेवलेली. थंड रक्ताचा प्राणी असल्याने तिला अन्न कमी लागते. एकदा पोट भरले की ती बरेच दिवस काढू शकते.

तसा मगरीचा शेजार नागपूरला नवा नाही. शहराला पाणी देणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलाशयात मगरी आहेत. राज्यात त्यांची सर्वाधिक चर्चा होते ती सांगलीच्या कृष्णाकाठी. चिपळूणला तर जुलै २०२४च्या सुमारास भर पावसात मगर चक्क रस्त्यावरून चालताना दिसली होती. पुराच्या पाण्यासोबत मगरी नाल्यांत, वस्तीत शिरतात.

ॲलिगेटर नव्हे, मगर

ऑनलाइन शोधले की बरीचशी माहिती फ्लोरिडाच्या ॲलिगेटरची मिळते. ॲलिगेटर निसर्गात फक्त अमेरिका आणि चीनमध्ये आढळतात. भारतात गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि घडियाल अशा तीन जाती आहेत. आपल्या नद्यांत दिसते ती गोड्या पाण्यातली, साधारण तीन-चार मीटरपर्यंत वाढणारी.

‘मगर मागे लागली तर नागमोडी पळा’ हा सल्लाही तिकडूनच आलेला आणि चुकीचा आहे. मगर जमिनीवर लांब पाठलाग करत नाही, लगेच दमते. पाण्यापासून दूर, सरळ पळणे केव्हाही चांगले. खरा धोका असतो तो काठावर. मगर पाण्याखाली, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून थांबते आणि एका झेपेत पकडते. रोज त्याच घाटावर, त्याच वेळी कपडे किंवा म्हशी धुणाऱ्यांना म्हणूनच जास्त जपावे लागते.

हिवाळ्यात काठावर जबडा उघडून पडलेली मगर हल्ल्याच्या तयारीत नसते. ऊन खात ती शरीराचे तापमान सांभाळत असते. तरीही सेल्फीसाठी जवळ जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. जास्त काळजीचा काळ उन्हाळ्याचा. मादी काठाच्या वाळूत-मातीत खड्डा करून २५-३० अंडी घालते आणि पिल्ले साधारण पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येईपर्यंत घरट्याची राखण करते. तेव्हा ती कुणालाही जवळ येऊ देत नाही. वाळू उपशाने हे काठच संपतात आणि मग मगर दुसरी जागा शोधते. त्याचा दोष तिला देता येत नाही.

दिसली तर

आधी मुले आणि जनावरे काठापासून दूर न्या. दगड मारू नका, खायला टाकू नका. खाणे मिळाले की माणूस आणि अन्न हे समीकरण मगरीच्या डोक्यात पक्के होते आणि पुढे त्याचीच किंमत मोजावी लागते. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तोंडाला दोरी बांधून स्वतः ‘रेस्क्यू’ करणाऱ्यांचे रील कितीही व्ह्यूज मिळवोत, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मगर पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय पकडणे, डांबून ठेवणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो.

एक मुद्दा अनेकांना माहीत नसतो. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यासाठी राज्य सरकार जी आर्थिक मदत देते, त्या प्राण्यांच्या यादीत वाघ, बिबट्यासोबत मगरही आहे. त्यामुळे हल्ला झाल्यास उपचारांबरोबरच जवळच्या वन कार्यालयात लगेच माहिती द्यावी आणि पंचनामा करून घ्यावा.