आण्विक आयनांचे अवरक्त वर्णपटविज्ञान

आण्विक आयनांचे अवरक्त वर्णपटविज्ञान ही विद्युतभारित रेणूंनी शोषलेल्या किंवा उत्सर्जित केलेल्या अवरक्त प्रारणावरून त्यांची ओळख, रचना व तापमान ठरवणारी अभ्यासशाखा आहे. प्रयोगशाळेतील आयनद्रायू (प्लाझ्मा) आणि ताऱ्यांमधील विरळ वायुमेघ या दोन्ही ठिकाणी तिचा उपयोग होतो.

== पद्धती ==
रेणूतील अणू ठरावीक वारंवारतांनी कंप पावतात. या वारंवारता बहुधा अवरक्त पट्ट्यात येतात व प्रत्येक रेणूची रेषामालिका वेगळी असते. विद्युत विसर्जन नळीत मात्र आयनांचे प्रमाण अत्यल्प असल्याने त्यांच्या क्षीण रेषा उदासीन रेणूंच्या रेषांत हरवतात. १९८३ मध्ये रिचर्ड सेकाली व सहकाऱ्यांनी यावर उपाय योजला. नळीतील विद्युतक्षेत्राची दिशा वारंवार उलटवली की आयन पुढेमागे धावतात आणि डॉप्लर परिणामामुळे त्यांच्या रेषा सरकतात. उदासीन रेणूंच्या रेषा स्थिर राहतात. सरकणाऱ्या रेषा तेवढ्या निवडता येतात.

== ट्रायहायड्रोजन आयन ==
तीन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन असलेला हा आयन जे. जे. टॉमसन यांना १९११ मध्ये आढळला. त्याची रचना समभुज त्रिकोणी असल्याने त्याला कायम द्विध्रुव आघूर्ण नसते. म्हणून नेहमीच्या रेडिओ निरीक्षणांत तो सापडत नाही. त्याचा दृश्य वर्णपटही मिळत नाही. उरतो तो ४ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त पट्टा. ताकेशी ओका यांनी अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९८० मध्ये कॅनडात तो प्रयोगशाळेत नोंदवला. १९८९ मध्ये गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात, तर १९९६ मध्ये थॉमस गेबॉल व ओका यांना हवाईतील दुर्बिणीतून आंतरतारकीय मेघांत हा आयन आढळला.

== महत्त्व ==
विश्वकिरणांमुळे हायड्रोजन रेणूचे आयनीभवन होते व तो दुसऱ्या हायड्रोजन रेणूशी संयोग पावून ट्रायहायड्रोजन आयन बनतो. हा आयन आपला प्रोटॉन इतर अणुरेणूंना सहज देतो. अतिशीत मेघांतही पाण्यासारखे रेणू घडवणाऱ्या अभिक्रियांची सुरुवात त्यातून होते. त्याच्या प्रमाणावरून विश्वकिरणांमुळे होणाऱ्या आयनीभवनाचा वेगही काढता येतो.

== भारतातील संबंधित कार्य ==
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनद्वारे वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने जोडलेल्या वर्णपटमापकातून आयनीभूत कार्बनच्या १५७.७४ मायक्रोमीटर रेषेची निरीक्षणे घेण्यात आली. हा आण्विक नसून एका अणूचा आयन आहे. तथापि ताऱ्यांच्या जन्मस्थानातील वायूचा अभ्यास हा हेतू दोहोंत समान आहे. वातावरणातील बाष्प ही तरंगलांबी शोषून घेत असल्यामुळे तिचे निरीक्षण जमिनीवरून करता येत नाही.